पैनगंगेच्या दोन काठांवरचा व्हिडिओ कॉल : ब्राउझर ते ब्राउझर ‘थेट’ बोलणं म्हणजे नेमकं काय?

आदिलाबाद : लिंक आली, लिंकवर बोट ठेवलं, ‘कॅमेरा आणि माइक वापरू का?’ असं ब्राउझरनं विचारलं, ‘हो’ म्हटलं, की समोरचा माणूस दिसायला लागतो. ॲप टाकायची गरज नाही, नंबर फिरवायची गरज नाही. डॉक्टरांचा ऑनलाइन सल्ला, नोकरीची मुलाखत, मुलांची शिकवणी, सोयरिकीची पहिली बोलणी, सगळं आता असंच होतं. पण कित्येकदा समोरच्याचे नुसते ओठ हलतात आणि आवाज येत नाही. घरच्या वायफायवर लागणारा कॉल शेतात मोबाईल डेटावर लागतच नाही. मग दोष कुणाचा? टॉवरचा, फोनचा की वेबसाइटचा?

सीमाभागात हा प्रश्न जरा जास्तच जवळचा आहे. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेत ते पलीकडे गेले. नकाशा बदलला, पण रोटी-बेटी व्यवहार थांबला नाही. जैनथ, बेला, तलमडगूच्या घरांतल्या लेकी केळापूर, झरी जामणी, किनवटकडे नांदतात आणि तिकडच्या इकडे. पूर्वी या घरांना जोडणारा फोन एसटीडीचा होता. आदिलाबादचा कोड ०८७३२, यवतमाळचा ०७२३२. एसटीडीचा दर अंतरानुसार चढायचा. १ मार्च २००६ ला बीएसएनएल आणि एमटीएनएलची ‘वन इंडिया’ योजना आली आणि देशात कुठंही मिनिटाला १ रुपया असा दर झाला.

ब्राउझरमधल्या कॉलला तर अंतर आणि राज्य दोन्ही माहीत नसतं. त्याच्या वाटेत वेगळ्याच हद्दी असतात. त्या कोणत्या, हे कळलं की कॉल का लागत नाही आणि आपलं बोलणं कुणाच्या हातून जातं, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं सापडतात.

हे तंत्र आलं कुठून?

पूर्वी ब्राउझरला कॅमेरा-माइकची भाषाच येत नव्हती. व्हिडिओसाठी फ्लॅशसारखं वेगळं प्लग-इन टाकावं लागायचं. मे २०१० मध्ये गूगलनं ‘ग्लोबल आयपी सोल्युशन्स’ ही कंपनी सुमारे ६ कोटी ८२ लाख डॉलरला विकत घेतली. इंटरनेटवरून आवाज नेताना तो तुटू नये, प्रतिध्वनी येऊ नये, यातलं तिचं काम नावाजलेलं होतं. १ जून २०११ ला गूगलनं हे तंत्र सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याचं नाव वेब रिअल-टाइम कम्युनिकेशन, थोडक्यात वेबआरटीसी.

फेब्रुवारी २०१३ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या दोन वेगळ्या ब्राउझरांमध्ये पहिल्यांदा कॉल जोडून दाखवला गेला. सप्टेंबर २०१७ मध्ये ॲपलच्या सफारीनंही ते स्वीकारलं. २६ जानेवारी २०२१ ला डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेनं त्याला वेबचं अधिकृत मानक म्हणून मान्यता दिली. त्याच्या महिनाभर आधी, ३१ डिसेंबर २०२० ला, फ्लॅश कायमचं बंद पडलं होतं. आज गूगल मीट, जित्सी अशा ब्राउझरमधून चालणाऱ्या कित्येक सेवा याच तंत्रावर उभ्या आहेत.

आधी लागतो मध्यस्थ

‘पीअर-टू-पीअर’ म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात थेट. पण सुरुवात थेट होत नाही. जैनथच्या फोनला पांढरकवड्याचा फोन कुठं आहे, हेच ठाऊक नसतं. म्हणून आधी एक मध्यस्थ लागतो, सोयरीक जुळवणाऱ्यासारखा. तो दोन्हीकडचे बायोडाटा एकमेकांना पोचवतो आणि बोलणी सुरू झाली की बाजूला होतो. तांत्रिक भाषेत या कामाला सिग्नलिंग म्हणतात आणि ते वेबसाइटचा सर्व्हर करतो.

इथला बायोडाटा म्हणजे मजकुराचा एक तुकडा. मला आवाजाचे, चित्राचे कोणते प्रकार समजतात, माझ्याकडे कोणत्या पत्त्यांवरून पोचता येईल आणि माझ्या कुलपाची ओळख पटवणारा ठसा कोणता, एवढं त्यात लिहिलेलं असतं. कॉल करणाऱ्याचा तुकडा म्हणजे ‘ऑफर’ आणि उत्तरादाखल येणारा ‘आन्सर’. हे तुकडे कोणत्या मार्गानं पोचवायचे, हे वेबआरटीसी ठरवत नाही. ते वेबसाइट बनवणाऱ्यावर सोडलेलं आहे.

लिंक उघडूनही ‘कनेक्ट होत आहे’ असं फिरत राहिलं, तर पहिली शंका इथं घ्यावी. मध्यस्थच गाठ पडू देत नसेल, तर पुढचं काही होणार नाही.

खरी अडचण पत्त्याची

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. एकट्या भारताची लोकसंख्याच १४० कोटींच्या वर आहे. घरटी दोन-तीन फोन धरले तर जगाला हे पत्ते पुरणार कसे? म्हणून तोडगा निघाला : वाड्यात बिऱ्हाडं अनेक, पण रस्त्यावरून दिसणारा दरवाजा एकच. घरातला राउटर आतल्या सगळ्या फोनांना खासगी पत्ते देतो आणि बाहेर एकाच पत्त्यानं वावरतो. याला नॅट म्हणतात.

मोबाईल कंपन्या हेच मोठ्या प्रमाणावर करतात. कित्येक ग्राहक एकाच बाहेरच्या पत्त्यामागे असतात. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पत्त्यांचा एक गट मुद्दाम राखून ठेवला गेला. फोनच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता बघितला आणि त्याचे पहिले दोन आकडे या टप्प्यात असले, तर समजावं की आपण कंपनीच्या मोठ्या वाड्यात राहतो.

वाड्याचा एक नियम असतो. आतून कुणी बाहेर निरोप पाठवला, तर त्याचं उत्तर आत येऊ दिलं जातं. अनोळखी माणूस स्वतःहून आला, तर दारावरूनच परत. आता दोन्ही माणसं अशाच वाड्यांत असतील तर पहिलं कोण बोलणार?

दार आतून उघडायचं

यावरचा उपाय साधा पण हुशारीचा आहे. आधी दोन्ही ब्राउझर ‘स्टन’ नावाच्या सर्व्हरला विचारतात, ‘मी तुला कोणत्या पत्त्यावरून दिसतो?’ तो वाड्याचा बाहेरचा पत्ता आणि पोर्ट, म्हणजे दाराचा क्रमांक, सांगतो. स्टनचं काम एवढंच. आवाज-चित्र त्याच्याकडून जात नाही.

हे पत्ते मध्यस्थामार्फत एकमेकांना मिळाले, की दोन्ही बाजू जवळपास एकाच वेळी एकमेकांकडे पाकिटं धाडायला लागतात. पहिलं पाकीट समोरच्या दारावर अडेलही. पण ते आपल्या घरातून बाहेर पडलं, त्यामुळे आपल्या दारवानाच्या वहीत ‘या पत्त्याकडून उत्तर येणार’ अशी नोंद झाली. समोरही तेच झालं. पुढचं पाकीट ‘उत्तर’ समजून आत घेतलं जातं. दोन्ही दारं आतून उघडली.

ब्राउझर एकाच रस्त्यावर अवलंबून राहत नाही. घरातला पत्ता, बाहेरून दिसणारा पत्ता, मधल्या निरोप्याचा पत्ता अशा सगळ्या जोड्या लावून तो तपासतो आणि चालणाऱ्यांतला चांगला रस्ता निवडतो. या पद्धतीचं नाव आइस. दोघं एकाच वायफायवर असतील तर बोलणं घरातल्या घरात राहतं, बाहेर जातही नाही. चालू कॉलमध्ये वायफाय सुटून मोबाईल डेटा लागला तर पत्ता बदलतो, रस्ता पुन्हा शोधावा लागतो. ते चार-दोन सेकंद चित्र थिजतं ते म्हणूनच.

थेट जमलं नाही तर?

काही नॅट कडक असतात. ते प्रत्येक नव्या पत्त्यासाठी दाराचा क्रमांकच बदलतात. स्टनला दिसलेलं दार वेगळं, समोरच्यासाठी उघडलेलं दार वेगळं. दोन्हीकडे असाच प्रकार असला की थेट जोडणी जवळपास होतच नाही. कचेऱ्या, कॉलेजांच्या फायरवॉलमागेही असंच होतं.

तेव्हा ‘टर्न’ सर्व्हर कामाला येतो. दोन्ही बाजू आपली पाकिटं त्याच्याकडे देतात आणि तो पलीकडे पोचवतो. कॉल लागतो, पण तो आता थेट राहिलेला नसतो. शिवाय या निरोप्याला खर्च येतो, कारण कॉलचा सगळा डेटा त्याच्या यंत्रातून दोनदा जातो, एकदा आत आणि एकदा बाहेर. स्टन चालवणं त्यामानानं अगदी स्वस्त. म्हणून एखादी फुकट सेवा टर्न ठेवतच नाही. मग वायफायवर कॉल उत्तम लागतो आणि दोन्ही बाजू मोबाईल डेटावर असल्या की फिरत राहतो. अशा वेळी माणूस टॉवरला बोल लावतो. टॉवर ठीक असतो, कमी असते ती निरोप्याची.

आयपीव्ही६ मध्ये पत्त्यांचा तुटवडा नाही, त्यामुळे मोठ्या वाड्याची गरज उरत नाही. दोन्हीकडे आयपीव्ही६ असेल तर थेट जोडणीची शक्यता वाढते. मधली फायरवॉल मात्र तिथंही असू शकते.

‘थेट’ म्हणजे सरळ रेष नव्हे

इथं एक गैरसमज दूर व्हायला हवा. नदीच्या दोन काठांवरची दोन माणसं ‘थेट’ बोलत असली, तरी त्यांचा आवाज नदीवरून उडत जात नाही. तेलंगण २ जून २०१४ ला वेगळं राज्य झालं, पण मोबाईलच्या परवान्यात आदिलाबाद अजून ‘आंध्र प्रदेश’ सर्कलमध्येच येतं. पलीकडचा काठ महाराष्ट्र सर्कलमध्ये. मोबाईलचा डेटा टॉवरवरून कंपनीच्या मुख्य केंद्राकडे जातो आणि तिथून इंटरनेटला लागतो. अशी केंद्रं मोठ्या शहरांत असतात. दोन कंपन्यांची जाळीही अशाच शहरांत एकमेकांना मिळतात. त्यामुळे पाच-दहा किलोमीटरवरच्या नातेवाइकाकडे जाणारा आवाज शेकडो किलोमीटरचा वळसा घालून जातो.

हा वळसा फारसा जाणवत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. २ हजार किलोमीटरचा वळसा धरला तरी तारेतला वेळ होतो १० मिलीसेकंद, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. पण समजा थेट जमलं नाही आणि निरोप्या अमेरिकेत आहे. एका बाजूचं अंतर १३ हजार किलोमीटरच्या वर. जाऊन-येऊन २६ हजार. फक्त तारेतच १३० मिलीसेकंद गेले. टॉवर, यंत्रं, पाकिटांची रांग यांचा वेळ त्यावर. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मार्गदर्शनानुसार एका बाजूचा उशीर १५० मिलीसेकंदांच्या आत असला तर बहुतेक बोलणं सुरळीत वाटतं. त्याच्या बरंच पुढं गेलं की दोघं एकाच वेळी बोलायला लागतात, मग दोघंही थांबतात, मग ‘बोला, बोला’ चालतं. दोघं पैनगंगेकाठी आणि निरोप्या सातासमुद्रापार, असा हा घोळ असतो.

एखादं पाकीट हरवलं तर हरवू दे

वेबपान उघडताना एक अक्षरही गळता कामा नये. हरवलेलं पाकीट परत मागवलं जातं, तोवर मागचं सगळं थांबतं. बोलण्यात ते चालत नाही. दोन सेकंदांनी आलेला ‘हो’ काय कामाचा? म्हणून वेबआरटीसीमधला आवाज शक्यतो यूडीपी या पद्धतीनं जातो, ज्यात हरवलेल्यासाठी गाडी थांबत नाही.

आवाजाचे साधारण २० मिलीसेकंदांचे तुकडे होतात, सेकंदाला ५० पाकिटं. एखादं गळालं तर मागच्या-पुढच्या आवाजावरून ती फट भरली जाते. हे काम २०१२ मध्ये मानक झालेलं ओपस हे तंत्र करतं. ते सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत, जशी नेटची ताकद तसं, स्वतःला आवळतं किंवा मोकळं सोडतं. हवं तर मागच्या तुकड्याची हलकी प्रत पुढच्या पाकिटात घालून पाठवता येते.

डेटाचा हिशोबही करून बघू. ओपस ३२ किलोबिटवर चालला, पाकिटांवरचे पत्ते-शिक्के धरले, तर दोन्ही बाजूंनी मिळून तासाला ५० एमबीच्या आत काम होतं. चित्र दोन्हीकडून १ मेगाबिटनं गेलं तर तासाला सुमारे ९०० एमबी. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर दोन तास पुरणार नाही. म्हणून नेट मंद असलं की आधी कॅमेरा बंद करावा. आवाजाला फार थोडी जागा लागते.

तिघं झाले की गणित बदलतं

आठ जणांच्या कुटुंबानं सगळे कॉल थेट जोडले, तर एकूण २८ जोडण्या होतात आणि प्रत्येक फोनला आपलं चित्र सात वेळा पाठवावं लागतं. साधा फोन तापेल आणि नेट बसेल. म्हणून जास्त माणसांच्या कॉलमध्ये मधे सर्व्हर ठेवतात. प्रत्येक जण आपलं चित्र त्याला एकदाच देतो आणि तो बाकीच्यांना वाटतो. जित्सीमध्ये दोघंच असले तर जोडणी शक्यतो थेट असते. तिसरा आला की बोलणं सर्व्हरवरून जायला लागतं. पडद्यावर फारसा फरक दिसत नाही, रस्ता मात्र बदललेला असतो.

मधे कुणी ऐकतं का?

वेबआरटीसीमध्ये आवाज-चित्राला कुलूप लावणं सक्तीचं आहे. कुलुपाशिवाय कॉल होतच नाही. पण कुलूप कुठून कुठवर, हे बघायला हवं.

दोघांच्या थेट कॉलमध्ये किल्ली दोन ब्राउझरांकडेच असते. मधे टर्न आला तरी तो बंद पाकिटंच वाहतो, त्याला आतलं दिसत नाही. कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर किती वेळ पाकिटं गेली, एवढं मात्र दिसतं. जास्त माणसांच्या कॉलमध्ये कुलूप प्रत्येकापासून सर्व्हरपर्यंत असतं. टोकापासून टोकापर्यंतची वेगळी सोय केलेली नसेल, तर सर्व्हरच्या मालकाला बोलणं उघडून बघणं शक्य असतं.

दोघांच्या कॉलमध्येही मध्यस्थावर भरवसा ठेवावाच लागतो, कारण कुलपाचे ठसे त्याच्याच हातून जातात. मध्यस्थ लबाड असला तर तो ठसे बदलून मधे बसू शकतो. म्हणून अनोळखी साइटवर डॉक्टरांशी किंवा बँकेचं बोलू नये.

थेट कॉलचा एक तोटाही आहे. समोरच्याला आपला आयपी पत्ता कळू शकतो. त्यावरून घर सापडत नाही, पण कंपनी आणि ढोबळ भाग कळतो. याच कारणानं व्हॉट्सॲपनं २०२३ मध्ये कॉलमध्ये आयपी पत्ता झाकण्याची सेटिंग दिली. ती चालू केली की कॉल व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवरून जातात. आवाजाचा दर्जा थोडा उतरू शकतो, पत्ता झाकला जातो.

आणि कुलूप कितीही पक्कं असलं, तरी समोर बसलेला माणूस खरा आहे का, हे ते सांगत नाही. खाकी घालून व्हिडिओवर ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देणाऱ्याचा कॉलही तितकाच कुलूपबंद असतो. कायद्यात अशी अटकच नाही. असा कॉल आला तर तो तोडावा. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. हा क्रमांक तेलंगणात आणि महाराष्ट्रात, दोन्हीकडे चालतो.

कॉल अडला तर काय बघावं?

– कॅमेरा-माइकची परवानगी : पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावर बोट ठेवून बघावी. चुकून एकदा ‘नको’ म्हटलं की ब्राउझर ते लक्षात ठेवतो.

– साइटचा पत्ता : ‘एचटीटीपीएस’ नसेल तर आजचे ब्राउझर कॅमेराच उघडू देत नाहीत.

– चित्र येतं, आवाज नाही : जाळं ठीक आहे. माइक दुसऱ्या ॲपनं धरला आहे का, आवाज ब्लूटूथच्या हेडफोनकडे जातो आहे का, ते बघावं.

– दोघंही दिसत नाहीत, नुसतं फिरतं : एकानं जाळं बदलावं, डेटावरून वायफायवर किंवा उलट. लागला तर अडचण नॅटची आणि टर्न नसल्याची.

– लागतो पण तुटतो : कॅमेरा बंद करावा, दुसरे डाउनलोड थांबवावेत.

ज्यांना खोलात जायचं आहे त्यांच्यासाठी संगणकावरच्या क्रोममध्ये ‘वेबआरटीसी-इंटर्नल्स’ नावाचं पान असतं. चालू कॉल कोणत्या रस्त्यानं जातो ते तिथं कळतं. ‘रिले’ असं लिहिलं असेल तर मधे निरोप्या आहे.

हे सगळं माहीत असण्याचा उपयोग फक्त गप्पांपुरता नाही. मोहालीच्या सी-डॅकनं बांधलेली केंद्र सरकारची ई-संजीवनी सेवा एप्रिल २०२० पासून घरबसल्या रुग्णांसाठी खुली आहे. पावसाळ्यात रस्ता बंद पडलेल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसाला ताप कधीपासून आहे, गोळी दिवसातून किती वेळा घ्यायची, हे दोघांना नीट ऐकू यावं लागतं. अशा वेळी चित्राचा हट्ट न धरता आवाज सांभाळणं, आणि कॉल लागलाच नाही तर टॉवरला दोष देत बसण्याऐवजी जाळं बदलून बघणं, एवढं घरातल्या एकाला जरी जमलं तरी डॉक्टरांची वेळ वाया जात नाही.